रिकाम्या खुर्चीचा हुकूम

सोमवार

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आई बरी आहे. मी कॉलेज अर्धवट सोडल्याचा राग अजून भांड्यांवर काढते. इस्पितळाच्या चौकात तुम्हा लष्करवाल्यांची तुकडी येऊन आज पाचवा दिवस. समोर संपावरच्या नर्स बसल्यात, पहिल्या रांगेत 'ती'. (हसू नकोस. लग्नाचं विचारलंय, उत्तर नाही.) जवान बोलत नाहीत, हलत नाहीत. शेजारी टेबल आणि रिकामी खुर्ची. खुर्ची मात्र रोज पुसतात. एकाला मी किती वाजले विचारलं, तर त्याने समोरची नजर न काढता मनगट माझ्याकडे वळवलं. घड्याळ बंद होतं.

माझं डोकं फिरलंय. पत्र तुमच्या छावणीत जाणाऱ्या पाववाल्याकडे देतोय. लोभ कमी करू नकोस.

तुझा धाकटा

मंगळवार

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं डोकं जागेवर होतं कधी? नीट वाच. रस्त्यावरच्या माणसाला आम्ही हात लावायचा नाही, ते पोलिसांचं काम. दंडाधिकाऱ्याने त्या खुर्चीत बसून लेखी हुकमावर सही केली, तरच आम्ही हलायचं, असा कायदा आहे. इथल्या दंडाधिकाऱ्यांनी सही नाकारली आणि ते रजेवर गेले. म्हणून तुझी ती सुखरूप आहे. उभे असताना आम्ही माणसांकडे बघत नाही, खुर्चीकडे बघतो, तसंच शिकवलंय. तिकडे फिरकू नकोस. आईला जप.

दादा

बुधवार

ती. दादास,
सा. न.

रागावू नकोस. मी बसलो त्या खुर्चीत. तिला हसवायला, पायावर पाय टाकून. हसलीही. मग चाळीस माना एकदम माझ्याकडे वळल्या. एका अधिकाऱ्याने येऊन सलाम ठोकला, पुढ्यात कागद ठेवला, पेनाचं टोपण काढून दिलं. मी कोण, कुणी विचारलंच नाही. ती ओरडत होती, ऊठ म्हणून. पण मला चेव चढला. छापलेला मजकूर खोडून लिहिलं, 'सर्वांनी छावणीत परत जावे', आणि खाली शेपटीवाली सही ठोकली. गेले रे! पावलांचा आवाजही न करता. संध्याकाळी तिने होकार दिला. आता तरी शाबासकी दे.

तुझा धाकटा

गुरुवार

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

आमच्या तुकडीला हुकूम आलाय. उद्या दहाला चौक रिकामा करायचा, लागेल ते बळ वापरून. खाली तुझी सही, शेपटीसकट. तू तर एकाच कागदावर केली होतीस. तुकडीच्या साहेबांना विचारलं, हुकूम कुणाचा? म्हणाले, खुर्चीचा.

ही सही खोटी आहे हे सांगू शकणारा इथे मी एकटाच. पण सांगितलं तर तू काय केलंस तेही बाहेर येणार; तुरुंग चुकणार नाही. काय करू? सकाळच्या पाववाल्याकडे उत्तर दे.

दादा

शुक्रवार, सकाळी सात

ती. दादास,
सा. न.

सांग. पूर्ण नाव सांग, घरचा पत्ता सांग. तिला सगळं सांगितलं. म्हणाली, तुरुंगातल्या नवऱ्याला भेटायला रजा मिळते का, ते विचारून ठेवते. चौकात तिच्या शेजारी बसूनच लिहितोय. आईला मात्र तूच समजाव.

जवान अजून आलेले नाहीत. मागे राहिलेल्या टेबलावर कागदांचा गठ्ठा आहे. वरचा एक उडून आत्ता माझ्या पायाशी आला. हुकूम आपल्या गल्लीसाठी आहे, तारीख पुढच्या महिन्याची, आणि सही माझी.

लोभ असेल तर उत्तर लिहीत बसू नकोस. लगेच बोल.

तुझा धाकटा