घंटेच्या दोराला अडकलेला देवदूत

प्रिय ओब्दुलिया,

माझा नवरा, आपला फिदेन्सिओ गेला, एवढंच मला फोनवर सांगता आलं. माझं तोडकं बोलणं तुला ठाऊकच आहे. शवपेटी ठेवली होती तिथे रिवाजाप्रमाणे नऊ दिवसांसाठी जमिनीवर चुन्याचा क्रूस आखलाय. संध्याकाळी बायका जपमाळ म्हणायला येतात, मी कॉफी करते. काल शेजारची दोन्या चोले जपमाळ ठेवता ठेवता म्हणाली, "काय गं हर्मिनिया, तुझी ती घंटावाली बहीण येणार का नाही?" सगळ्या हसल्या. मीही हसले. तो गेल्यापासून पहिल्यांदाच.

त्या नाताळच्या नाटकात गाव तुला हसलं आणि तू दुसऱ्या दिवशीच दूर सीमेवरच्या तिहुआनाची बस धरलीस. पण त्या हसण्यानंतरचं तू पाहिलंच नाहीस. तुझे डोळे गच्च मिटलेले होते. मी पहिल्या बाकावर होते.

फिदेन्सिओ सैतान झाला होता, शिंगांचा लाल मुखवटा लावून. मेंढपाळांना त्यानं घेरलं, आणि तू सान मिगेल देवदूत होऊन घंटाघरातून दोरानं खाली येऊ लागलीस. दोर बांधणाऱ्या चोनकाकांनी तुझा दोर घंटेच्याच खुंटीला गुंडाळला होता. तू अर्ध्यावर अडकलीस. पाय झाडलास की वर घंटा वाजायची. घाबरून आणखी झाडलास, आणखी वाजली. तलवार निसटून मेंढपाळांच्या डाळीच्या पातेल्यात पडली. मागून कोणी ओरडलं, "उतर गं परी, मक्याचे तामाले गार होतायत!" वरच्या आळीतली माणसं आग लागली समजून बादल्या घेऊन धावत आली. पाद्रीबाबा तर पोट धरून खाली बसले.

मग सैतान उठला. नाटकात देवदूत येताच त्यानं जमिनीवर कोसळून तिथेच पडून राहायचं असतं. त्यानं नाटकातल्या नरकाच्या दारातलं पिंप ओढून तुझ्याखाली आणलं, वर चढला आणि तुझे पाय आपल्या खांद्यांवर घेतले. "पाय मारू नकोस गं बाई, घंटा ऐकून अख्खं गाव मिस्सेच्या प्रार्थनेला येईल," असं तो कुजबुजला. ते मला ऐकू आलं, कारण तोवर हसणं थांबलं होतं. शिंगांवर तुझा पांढरा झगा पसरला होता. त्यानं तुला अलगद उतरवलं, तलवार आपल्या बाहीनं पुसून तुझ्या हातात दिली, मग जमिनीवर आडवा झाला आणि स्वतःच्या हातानं तुझं पाऊल आपल्या मानेवर ठेवलं. वर घंटा आपोआप हलत होती. पुरुषांनी टोप्या काढल्या. बादलीवाले बादल्या हातात धरूनच गुडघ्यांवर बसले. ओब्दुलिया, मी इतकी वर्षं चर्चला जाते, पण देव इतका जवळ मला पुन्हा कधी वाटला नाही. पुढे त्याच्याशी माझं लग्न झालं तरी मी हे त्याला कधी सांगितलं नाही. तो म्हणायचा, "देवदूताचं वजन विचार मला, मक्याच्या पोत्याएवढं!" आणि विषय बदलायचा.

तू मात्र तेवढ्यात रडत पळालीस. देवदूतानं सैतानाचा मुखवटा आपल्या हातानं काढायचा असतो, ते राहिलंच. तो बराच वेळ तसाच पडून राहिला. शेवटी उठून मुखवट्यासकट घरी गेला. पुढे दर वर्षी मंडळी त्याला पुन्हा सैतान होतोस का, विचारायला यायची. तो म्हणायचा, "आधीचं नाटक संपू दे, मग नवं." लोकांना थट्टा वाटायची. मलाही वाटायची.

शेवटच्या आठवड्यात त्याला धड बोलता येत नव्हतं. त्यानं भिंतीवरच्या मुखवट्याकडे बोट केलं आणि म्हणाला, "तिला सांग, अजून माझ्या तोंडावर आहे."

तो मुखवटा मी आता चुन्याच्या क्रूसाच्या माथ्याशी ठेवलाय. रविवारी नवव्या दिवसाची प्रार्थना झाली की क्रूसाचा चुना गोळा करून उचलतील. मुखवट्याला कोणी हात लावायचा नाही, असं मी सगळ्यांना बजावलंय. दोन्या चोले म्हणाली, "आणि ती नाही आली तर?" मी लगेच हे पत्र लिहायला बसले. तू ये. कोणी हसलं तर हसू दे. तो मुखवटा तुझ्या हातानं काढ, म्हणजे त्याला उठता येईल.

तुझीच वाट पाहणारी ताई,
हर्मिनिया