बुटक्या गाडीतली पाठवणी

आकुर्डी,
ता. १६ एप्रिल १९७८

तीर्थरूप मीरासाहेब चाचांना,
इकबालचा सादर सलाम. वि. वि.

फरीदाच्या लग्नाची इथली तयारी उरकत आली आहे. अब्बा गेल्यापासून अम्मी प्रत्येक गोष्टीत चाचांना विचार म्हणते, म्हणून विचारतो. पण एक गोष्ट मी ठरवूनच टाकली आहे. पाठवणीसाठी राजगुरुनगरहून अँबेसडर पाठवू नका. फरीदा चाकणला सासरी जाईल ती माझ्या गाडीतून.

कंपनीत साहेबांनी टाकून दिलेल्या एका विलायती मासिकात मी ती पाहिली. जमिनीला चिकटलेली, पुढून पाचरीसारखी निमुळती. तिकडे तिला सुपरकार म्हणतात. एका जुन्या फियाटचं वरचं सगळं कापून, पत्रा ठोकून मी हुबेहूब तशी उभी केली. छत माझ्या कमरेला लागतं. रंग केशरी. आकुर्डीत लोक सायकलवरून उतरून बघतात! सीटा दोनच आहेत, तेव्हा नवरदेव वऱ्हाडाच्या बसमधून येतील. ते कबूल आहेत, हसले फक्त.

चाचींना सलाम. आमच्यावर माया आहेच, थोडी या गाडीच्याही वाट्याला येऊ द्या.

आपला,
इकबाल


७८६
राजगुरुनगर,
ता. २१ एप्रिल १९७८

चि. इकबालास,
मीरासाहेबाच्या अनेक दुवा. वि. वि.

पत्र वाचून तुझी चाची हसून हसून बेजार झाली. नवऱ्याला बसमध्ये घालून नवरी भावाबरोबर निघाली, असं लग्न आमच्या खानदानात पहिलंच.

बेटा, मी जहागीरदारांकडे ड्रायव्हर होतो तेव्हा मोठी गाडी म्हणजे उंच गाडी. पायरीवर पाय ठेवून चढायचं, आत हुजूर असे बसायचे की शेतातल्या माणसालाही पागोटं दिसावं. पुढे त्यांच्या लेकानं बिनछपराची दोन सीटची गाडी आणली. तिच्यात केस उडाले पाहिजेत, एवढीच शान. थोरले हुजूर त्या गाडीत कधी बसले नाहीत. आता तू म्हणतोस की मोठी गाडी म्हणजे बुटकी गाडी. म्हणजे मोठेपणा दर पिढीला एकेक वीत खाली येतोय. असो, जमाना तुमचा. पण बाबा, विलायतेतला रस्ता वेगळा आणि आपला वेगळा. मोशीच्या पुढे रस्त्याचं काम चालू आहे, एवढं ध्यानात ठेव. अँबेसडर मी सांगून ठेवतो, नको असली तर उभी राहील.

हौसेला मोल नसतं हे मलाही ठाऊक आहे. रागावू नकोस, माया आहे म्हणूनच टोकतो.

तुझा चाचा,
मीरासाहेब


७८६
राजगुरुनगर,
ता. २० मे १९७८

चि. इकबालास,
दुवा. वि. वि.

काल लग्नानंतरचा पहिला जुम्मा. भावानं जाऊन बहिणीला माहेरी आणायची आपली रीत. तू गेला नाहीस. फरीदा नटून ओसरीवर बसली होती, असं कळलं.

तुला लाज वाटते हे मी समजू शकतो. मलाही वाटली. तूच सांगितलंस म्हणून आम्ही बस पुढे नेली, गाडीचं आगमन सगळ्यांना दिसावं म्हणून. चाकणच्या वेशीत हार, बँड, फरीदाच्या सासूबाई बिल्किसबी, सगळे तयार. आणि आली ती बैलगाडी, कांद्याची साल अजून फळ्यांना चिकटलेली. आत आपली पोर, शेजारी कुरुळीच्या विमलबाई, पुढे त्यांचे मालक सोपानराव. बँडवाले वाजवायचे थांबले. सोपानराव हात जोडून म्हणाले की, मोटर मुरमावर बसलीय, पोरीचा काय बी दोष न्हाई. परक्या माणसाला हे सांगावं लागलं, कारण आपलं कुणी बरोबर नव्हतं. मी मान वर करू शकलो नाही.

मी रागावलेलो नाही, पण पुढच्या जुम्म्याला तरी जा.

तुझा,
मीरासाहेब चाचा


आकुर्डी,
ता. २३ मे १९७८

प्रिय फरीदास,
भाईजानचे आशीर्वाद. वि. वि.

कुठल्या तोंडानं लिहू? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं आहे. कंपनीत मित्र हसतात, मी डबासुद्धा एकटा खातो.

माझी चूक मला सापडली आहे. गाडीचं पोट हवं त्यापेक्षा फारच खाली ठेवलं. मुरमाच्या ढिगावर ती मधोमध टेकली आणि मागची चाकं नुसतीच फिरत राहिली. पत्रा पिळला म्हणून तुझ्या बाजूचं दार अडकलं, ते सोपानरावांना पहारीनं उघडावं लागलं. त्यात रंग गेला. सायलेन्सर तुटला. तुला त्यांच्याबरोबर पाठवून मी थांबलो, कारण पोरं टपावर चढायला लागली होती. मासिकात फोटो असतो, खालचा रस्ता कुठे असतो? हे आधी कळायला हवं होतं.

बिल्किसबींसमोर उभं राहायची हिंमत नाही. थोडे दिवस जाऊ दे. तोवर या नालायक भावावरचा लोभ सगळाच काढून घेऊ नकोस.

तुझा,
इकबाल


चाकण,
ता. २८ मे १९७८

प्रिय भाईजानला,
फरीदाचा सलाम. वि. वि.

इथे सगळे चांगले आहेत. सासूबाईंनी त्या दिवशी बैलगाडीतून मला स्वतः हात धरून उतरवलं आणि म्हणाल्या की, त्यांचीही पाठवणी अशीच झाली होती. मला बैलगाडीची लाज वाटली नाही. सोपानरावांनी खाली घोंगडी अंथरली होती, विमलबाईंनी आपल्या पदराची सावली धरली. बैलगाडी त्यांच्या शेतात उभी होती, तिथपर्यंत चालताना माझी चप्पल तुटली आणि मुरमानं तळवा फाटला, तरी मी रडले नाही.

मी रडले ते तुझं पत्र वाचून. पोट, चाकं, पत्रा, सायलेन्सर, रंग, सगळ्यांना काय काय लागलं ते तू लिहिलंस. त्या दिवशीही मी शेतातून वळून पाहिलं तेव्हा तू गाडीखाली वाकलेला होतास. मला वाटलं, तू वर बघशील. मी थांबलेसुद्धा. मग विमलबाई म्हणाल्या, चल पोरी, ऊन व्हतंय.

दोन जुम्मे गेले. भाऊ कुठे, असं शेजारणी विचारतात. मी सांगते, शिफ्ट आहे. नव्या घरात मी बोललेलं पहिलं खोटं हे आहे आणि ते मला तुझ्यासाठी बोलावं लागतं. माझी लाज काय ती एवढीच.

लोभ मी काढून घेतलेला नाही. तू येऊन बघ.

तुझी,
फरीदा


आकुर्डी,
ता. ३१ मे १९७८

प्रिय फरीदा,
आशीर्वाद. वि. वि.

तुझा पाय कसा आहे?

हे मी शेतात धावत येऊन विचारायला हवं होतं. शुक्रवारी सकाळच्या एसटीनं येतो. शेजारणींना खरं काय ते सांग, मी समोर उभा राहून ऐकेन.

तुझा भाऊ,
इकबाल