आईच्या नावावरचा रोग

जळगाव, १२ जून १९८६

चि. गिरधर यास अनेक आशीर्वाद.

सैन्याच्या कचेरीतून तुझ्या त्र्याहत्तरच्या निकालाची नक्कल आली. लढाईत डोक्याला तुकडा लागला, हे त्यांना मान्य. पण झटके त्यामुळे नाहीत म्हणे. आईलाही फेफरे येते, रोग घराण्यातला, म्हणून अपंगत्वाचे पेन्शन नाही. आईला फेफरे कधी आले? त्यांना हे कोणी सांगितले? मी अपील करणार आहे. आईला तपासून दाखला जोडावा लागेल. तिला घेऊन ये. गोळ्या चुकवू नकोस, विहिरीकडे एकटा जाऊ नकोस.

सर्वांना जप.
तुझी लताअक्का

शिंदखेडा, २० जून

ती. अक्कास गिरधरचा शिरसाष्टांग नमस्कार.

मीच सांगितले. तेव्हा सैन्याच्या डॉक्टरांनी विचारले, घरात आणखी कोणी थरथरते का, भान हरपते का? मला श्रावणातली कानबाईची मिरवणूक आठवली. देवी डोक्यावर घेतली आणि डफ वाजला की आईच्या अंगात येते, देवी गेल्यावर तिला काही आठवत नाही, हे अभिमानाने सांगितले. त्यांनी काय लिहिले ते मला कुठे ठाऊक?

अक्का, अपील नको वाटते. आईलाही हाच रोग निघाला तर? परवा आमची लीला हातात ताट धरून तशीच बघत उभी राहिली. मंदा म्हणते, पोर विचारात होती. पण तेव्हापासून मंदा तिला चुलीजवळ बसू देत नाही.

आईला सोमवारी सुकदेवमामांबरोबर धाडतो. मी येत नाही. डॉक्टरांचे बोलणे माझ्याने ऐकवणार नाही. तू रागावशीलच, पण लोभ कमी करू नकोस.

तुझा गिरधर

जळगाव, २४ जून

चि. गिरधर यास आशीर्वाद.

फौजी माणूस, आणि आईला पुढे केलेस. ते भेटल्यावर बोलू. आईला फेफरे नाही.

एकटी असताना पडतेस का, जीभ चावली जाते का, डॉक्टरांनी सारे विचारले. सगळ्याला नाही. शेवटी विचारले, अंगात येते तेव्हाचे काही आठवते का? फेफऱ्यात काहीच आठवत नाही, हे मी तिला रिक्षात बोलून गेले होते. आईने माझ्याकडे पाहिले. मग म्हणाली, "माले बठ्ठं याद शे."

सगळे आठवते, असे डॉक्टरांनी लिहून घेतले आणि दाखला मिळाला. अपील आज रजिस्टरने गेले. लीलालाही आण, तपासून घेऊ.

आई कालपासून देव्हाऱ्याकडे पाठ करून बसते. मला एकच विचारले, मी देवीला नाकारले, आता ती गिरधरवर तर कोपणार नाही? असले काही नसते, हे मी तिला आजवर कितीदा सुनावले असेल. काल तोंडातून निघाले नाही.

यंदा कानबाई मंदाने डोक्यावर घ्यावी, असा तिचा निरोप आहे. गावात कोणाला कारण सांगू नकोस.

आईला आणि मला अंतर देऊ नकोस.
तुझी लताअक्का