कागदावरचं वजन, काट्यावरचं वजन

मंगळवार, १३ मे

सही केली नाही! सगळे माझ्या तोंडाकडे बघत उभे, तरी केली नाही.

हुआतुल्कोला लग्नाला निघालेलं कुटुंब. आठ माणसं, आमचं छोटं भाड्याचं जेट. मेक्सिकोतलं आमचं तोलूका उंचावर, हवा मुळातच विरळ, त्यात मे महिन्याची दुपार — अशा वेळी विमानाला भार कमीच पेलतो. बालदेरास साहेबांनी पुस्तकातली सरासरी वजनं धरून वजनाचं पत्रक भरूनच ठेवलेलं; तपासून सही करायचं काम माझं. "सगळं बसतंय नोएमी, सही कर!" पण माणसं समोर दिसत होती की. सरासरी एकही नव्हतं. मी काटा बाहेर काढला.

नवरदेवाची आजी, दोन्या एउफेमिया, खवळल्या. "चाळीस वर्षं संसार केला, माझ्या नवऱ्याला माझं वजन कळलं नाही. तुला सांगू होय?"

मीच आधी चढले. "वाचा."

"त्र्याऐंशी!" म्हातारी इतकी हसली की पर्स लेकाच्या हातात कोंबून चढलीच.

"पर्ससुद्धा, दोन्या." पर्सच चार किलो!

खरा घोळ सामानात. मेस्काल दारूची सहा खोकी, गच्च सुटकेसी, आणि नवरीसाठी दगडी पाटा-वरवंटा — अडतीस किलो, तोही शेपटीकडच्या कप्प्यात. भार मागे गेला की नाक नको तेव्हा वर उठतं, मग सावरणं कठीण. शिवाय एकूण नव्वद किलो जास्त. मी दोनशे दहा उतरवायला सांगितले.

"नव्वद जास्त, मग दोनशे दहा कशाला?" साहेब.

"एकशेवीस हाताशी राहू देत."

"भित्री! गिऱ्हाईक घालवशील."

कप्तान लेओबार्दो शेजारीच. सोळा वर्षं विमान उडवताहेत. चकार शब्द काढला नाही. पाटा, मेस्काल, चार सुटकेसी ट्रकने गेल्या. नवरदेवाच्या जाड भावाला पुढच्या खुर्चीत बसवलं. नवीन पत्रकावर सही केली, विमान गेलं.

त्यानंतर साहेब — "मी बोलावेपर्यंत येऊ नकोस."

बुधवार, १४ मे

घरी. आईने विचारलं, सुट्टी कसली? डोकं दुखतंय म्हटलं. तिने मक्याचं गरम आतोले करून दिलं, त्यामुळे जास्तच वाईट वाटलं.

हिशेब तीनदा पुन्हा मांडला. बरोबर आहे. एकशेवीस राखून ठेवायला नियम सांगत नाही, हेही बरोबर. पण ते विमान जानेवारीत दुरुस्तीहून आल्यापासून मला कसंतरीच वाटायचं. असं पत्रकात कुठल्या रकान्यात लिहायचं?

गुरुवार, १५ मे

कप्तानांनी एक तरी वाक्य बोलायला हवं होतं. एकच!

शुक्रवार, १६ मे

ट्रकवाल्याचा निरोप — पाटा पोचला, वरवंट्यासकट. हुश्श.

रविवार, १८ मे

दुसरीकडे नोकरी शोधावी. आई सरळच म्हणाली, "तुला काढलंय ना गं?" कळलं होतं तिला. रडले. मग दोघींनी हिरवा चोरिसो सॉसेज तळून खाल्ला.

सोमवार, १९ मे

साहेबांचा फोन!! आवाज एवढासा. "नोएमी... आज विमान वजनाला घेतलं."

तिन्ही चाकांखाली तीन काटे. मोकळं विमान कागदावरच्यापेक्षा एकशेसात किलो जड निघालं! जानेवारीत नव्या खुर्च्या आणि खाण्याचं कपाट बसवलं, त्यांचं वजन कागदावर चढवलंच नव्हतं कुणी.

एकशेवीसातून एकशेसात गेले. तेरा किलो उरले. तेरा! साहेबांच्या पत्रकावर विमान गेलं असतं तर जवळजवळ दोनशे जास्त, वर शेपूट जड. आठ माणसं, दोन वैमानिक.

साहेब म्हणाले, "उद्या ये. येशील ना?" मी जमिनीवरच बसले. हसू आवरेना.

मंगळवार, २० मे

माझी खुर्ची, माझा काटा. मेकॅनिकांनी टाळ्या वाजवल्या. जुनी सगळी पत्रकं नव्या वजनाने तपासायची आहेत — आनंदाने तपासेन. कप्तान लेओबार्दो जिन्यात भेटले. मी तोंड फिरवून वर गेले.

गुरुवार, २२ मे

फायलीत विमान वजनाला घेण्याचा अर्ज सापडला. तारीख १३ मे, विमान परत आल्यावरची. अक्षर कप्तान लेओबार्दोंचं — "विमान धावपट्टीवरून हिशेबापेक्षा उशिरा उचललं. मुलीचा हिशेब चोख आहे, विमानाचा कागद खोटा आहे. विमान वजनाला घेऊन तिला परत बोलावेपर्यंत मी उडणार नाही."

कप्तान आठवडाभर उडाले नव्हते.