नाव घातलेला तांब्या

॥ श्री ॥

धुळे, ता. ९ फेब्रुवारी १९५५

तीर्थरूप सौ. अक्कास,

चुडामणचा शि. सा. नमस्कार. वि. वि. तू पाठवलेले ज्वारीचे बिबडे पोचले आणि भाजून त्याच दिवशी संपले. खोलीत सात तोंडं. सहा तुझ्या सासरचे, भडगावच्या एकाच गल्लीतले, आणि नरडाण्याचा मी एकटा. तीन वर्षं झाली तरी खोलीतले थोरले लोटननाना मला पाव्हणाच म्हणतात. पण गिरणीतून सुटून आलो की माठावरचा तांब्या या हातातून त्या हातात जातो, चिलीम फिरते, आणि त्यात मला कुणी वगळत नाही.

दाजी बरे आहेत. थोडा खोकला आहे, तो कापसाच्या तंतूंचा. गिरणीत तो कुणाला नसतो? या महिन्यात त्यांना घरी येणं जमणार नाही, तेव्हा वाट पाहू नकोस. मुलांना आशीर्वाद.

माझ्यावर माया आहे तशी असू दे.

तुझा,
चुडामण

॥ श्री ॥

भडगाव, ता. १७ फेब्रुवारी १९५५

चि. चुडामणास,

धुरपदाचे अनेक आशीर्वाद. पत्र मिळालं. चौथीपर्यंत शिकले ते बरं झालं, नाहीतर तुझ्या थापा मास्तरांना मोठ्यानं वाचाव्या लागल्या असत्या. लहानपणी खोटं बोलताना तू कान खाजवायचास. कागदावर कान दिसत नाही, पण मला कळायचं ते कळलं.

संक्रांतीला हे दोन दिवस घरी होते. खोकायचं झालं की गोठ्यामागे जायचे. सदरा खांद्यावरून ओघळत होता. आणि माझ्या हातून पाण्याचा तांब्या एकदाही घेतला नाही, विहिरीवर जाऊन ओंजळीनं प्यायले. मला वाटलं, रुसलेत. आता तसं वाटत नाही.

शेजारच्या झुंबरबाईचा मुलगा भटू असाच गिरणीतून खोकत आला होता. गावची हवा लागली की बरा होईल, असं सगळे म्हणत राहिले. आषाढात गेला. झुंबरबाईला धरून मी बसले होते. मला तिच्या जागी बसायचं नाही.

ह्यांना उद्याच सरकारी दवाखान्यात ने, थुंकी तपासून घे आणि निघेल ते मला लिही. शिव्या देतील, त्या खा. मी रडत बसणार नाही. तूर झोडायची पडली आहे, रडायला वेळ कुठे आहे?

जपून राहा, आणि ह्यांना जप.

तुझी अक्का

॥ श्री ॥

धुळे, ता. २६ मार्च १९५५

तीर्थरूप सौ. अक्कास,

शि. सा. नमस्कार. वि. वि. तुला भीती होती तेच निघालं. क्षय आहे. पण डॉक्टर म्हणाले की आता यावर इंजेक्शनं आहेत, गोळ्या आहेत, आणि दीड वर्ष नेटानं घेतली तर माणूस उठून कामाला लागतो. मात्र मध्येच सोडली तर पुढचं सांगता येत नाही. थुंकी झाकणाच्या डब्यात, झोपणं खिडकीशी, चिलीम बंद आणि पाण्याचं भांडं वेगळं.

बाकी सगळं जमलं, भांड्यानं घात केला. चूक माझी. बाजारातून मी दाजींसाठी नवा तांब्या आणला, ओळखायला गळ्याला लाल दोरा बांधला आणि कोपऱ्यात वेगळा ठेवला. दाजींनी तो पाहिला आणि भरल्या ताटावरून उठले. मला म्हणाले, "मी काय बाटेल शे का, मना तांब्या येगळा ठेवाले?" लोटननानांनी तो तांब्या उचलून जिन्यावरून खाली टाकला. भडगावचा माणूस भडगावच्या माणसाला वाळीत टाकत नाही, नरडाण्याच्या पाव्हण्यानं आम्हाला शिकवू नये, असं म्हणाले. मी सगळ्यांत धाकटा, त्यात दाजींचा शालक. माझं कोण ऐकणार?

तेव्हापासून दाजी मुद्दाम सगळ्यांच्या तांब्यातून पितात आणि सगळे त्यांच्यासमोर मुद्दाम पितात. आठ दिवस झाले, इंजेक्शनलाही गेले नाहीत. हे सगळं प्रेमापोटीच चाललंय, अक्का, आणि त्या प्रेमानं आम्ही सातही जण मरू. मला भीती वाटते. काय करू ते लिही.

धाकटा म्हणून चुकलो ते पोटात घाल.

तुझा,
चुडामण

॥ श्री ॥

भडगाव, ता. ४ एप्रिल १९५५

चि. चुडामणास,

अनेक आशीर्वाद. पत्र वाचून रात्र कशी काढली ते विचारू नकोस. सकाळी भाकरी टाकल्या आणि थेट लोटननानांच्या कुंदाबाईकडे गेले. ओट्यावर चार बायका होत्या. त्यांच्यासमोरच सांगितलं, ह्यांना क्षय आहे. आजवर हा शब्द आपल्याकडे कुणी मोठ्यानं उच्चारला नव्हता. दोघी उठून गेल्या. त्या परत आमच्या दारी पाणी पितील की नाही, माहीत नाही. झुंबरबाई मात्र जागची हलली नाही.

मी कुंदाबाईला म्हटलं, एकाला वेगळा तांब्या दिला तर ते वाळीत टाकणं. सगळ्यांनाच आपापला दिला तर? घरोघरी भांड्यांवर नावं असतातच ना, मग खोलीतल्या तांब्यांवर का नसावीत? ती ओट्यावरून उठली. मग घरात गेली आणि माहेरून आणलेला, तिच्या वडलांच्या नावाचा तांब्या माझ्या हातात दिला. म्हणाली, "याच्यावर त्यासनं नाव घाल."

आणखी एक सांगते, कुणाला वाचून दाखवू नकोस. गावात आपण कुणाकुणाला वरून पाणी ओततो, तेव्हा आपल्याला काही वाटत नाही. आपल्या माणसाच्या पुढ्यात वेगळा तांब्या आला तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, ते कसं लागतं.

पाच घरं फिरले. बाजारात भांड्यांवर नावं घालणाऱ्यासमोर अर्धा दिवस बसून सगळी नावं घालून घेतली. गल्लीतला पोरगा पुना मोटारीनं धुळ्याला येतोय, त्याच्याजवळ गोणी देते. ती सगळे जमल्यावर सोड, आणि तू बोलू नकोस. आणि ह्यांना माझा निरोप सांग: इंजेक्शन चुकलं तर मी पोरं घेऊन त्या खोलीत राहायला येईन.

दोघंही सांभाळून राहा.

तुझी अक्का

॥ श्री ॥

धुळे, ता. १९ एप्रिल १९५५

तीर्थरूप सौ. अक्कास,

शि. सा. नमस्कार. वि. वि. पुना गोणी घेऊन आला. लोटननानांनी ती सोडली आणि हाताला लागेल तो तांब्या बाहेर काढून माझ्याकडे नाव वाचायला दिला. पहिला त्यांचाच निघाला. बायकोच्या माहेरचा तांब्या त्यांनी ओळखला आणि दोन्ही हातांनी धरला. चौथा दाजींचा. मी नाव वाचलं, तो त्यांच्या हातात दिला, आणि कुणी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ज्यांचे निघायचे होते ते गोणीकडे पाहत होते. शेवटचा माझा निघाला तेव्हा नाना म्हणाले, आता पाव्हणा पाव्हणा राहिला नाही.

दाजींनी माठातून पाणी घेतलं आणि आपल्या तांब्यातून प्यायले. दुसऱ्या दिवशी नाना स्वतः त्यांना इंजेक्शनला घेऊन गेले. आता पाळ्या लावल्या आहेत, ज्याची सुट्टी असेल त्यानं दाजींबरोबर जायचं. चिलीम नानांनीच पांझरा नदीत टाकली, शिव्या देत टाकली, पण टाकली. आम्हा सहाही जणांची छाती तपासली. सगळे सुटलो.

दाजींना खिडकीपाशी पडून वेळ जात नाही. तांब्यावरच्या नावावरून बोट फिरवत असतात आणि कोणतं अक्षर कोणतं ते मला विचारतात.

यंदा आखाजीच्या सणाला तुला माहेरी नरडाण्याला न्यायला येणं होणार नाही. पुढच्या वर्षी दोन वर्षांचं माहेरपण एकदम घे. रागावू नकोस, म्हणजे रागाव, पण फार नको.

तुझा,
चुडामण

धुळे, ता. २९ एप्रिल १९५६

सौ. धुरपदा हिस,

जीवरामाचा आशीर्वाद. हे पत्र मी लिहिलं आहे. चुडामण फक्त काना मात्रा सांगतो. पहिली चार अक्षरं तांब्यावर शिकलो, बाकीची त्यानं शिकवली.

थुंकीत आता काही नाही, असं डॉक्टर म्हणाले. गोळ्या दिवाळीपर्यंत घ्यायच्या आहेत, घेईन. पावसाळ्यानंतर गिरणीत जाईन.

संक्रांतीला तुझ्या हातचा तांब्या घेतला नाही. रुसलो नव्हतो. मला कळलं होतं आणि पोरांची भीती वाटत होती. इथं मात्र सगळ्यांच्यात पीत राहिलो, वेगळा पडेन म्हणून. ते चुकलं. नानांना तसं सांगितलं. ते म्हणाले, पाणी पी.

आखाजीला येतो. चुडामण तुला न्यायला येईल, त्याला आधी दोन दिवस भडगावला थांब म्हटलं आहे. डॉक्टरांना विचारून घेतलं आहे. माझा तांब्या इथं खोलीतच ठेवून येतो. आल्यावर तुझ्या तांब्यातलं पाणी दे.

जीवराम