स्वयंपाकघरातली डॉक्टरीण

माय, आज मला तुझ्या पणतीचा हेवा वाटला. माझ्या मुलाची मुलगी ती. अजून धड बसताही येत नाही तिला. आजीला नातीचा हेवा वाटतो हे ऐकून तू हसली असतीस, किंवा भात करपत असतानाही चुलीकडे तोंड करून तशीच बसून राहिली असतीस. तुझ्याशी बोलायचं म्हटलं की मी लगेच त्या चुलीपाशी जाऊन पोचते. आधी आजचं सांगते.

बाळंतपणानंतर सुनेला बरं नाही. जेवत नाही, लेकरू रडलं तरी भिंतीकडे बघत बसते. एकदा गोंदियाला नेऊन दाखवलं, आता नागपूरच्या मनाच्या डॉक्टरीणबाई तिला मोबाईलवर तपासतात. गोंदियाजवळच्या गोरेगावच्या आमच्या घरात नीट रेंज येते ती स्वयंपाकघराच्या खिडकीशी, म्हणून मुलाने मोबाईल तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवला. डॉक्टर घरी आल्यावर जमावेत तसे आम्ही सगळे जमलो. तुझा जावई, ज्याला तू कधी पाहिलंच नाहीस, धुतलेला सदरा घालून खुर्चीवर. आमगावहून आलेली माझी नणंद, नातीला मांडीवर घेऊन. मीसुद्धा केस विंचरून. आणि सून खाली पाटावर, सासऱ्यासमोर घेते तसा पदर हनुवटीपर्यंत ओढून.

"पेशंट कुठे आहे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"हे काय, तुमच्या समोरच बसून राहिली," हे म्हणाले.

"मला नुसती साडी दिसते आहे."

झोप कशी आहे विचारलं, तर नणंद म्हणाली, "झोप कायची मॅडम, टकटक पाहत राहते." भुकेचं मी सांगितलं. रडू येतं का, याचं उत्तर मुलाने दिलं. मग बाई म्हणाल्या, "तुम्हा सगळ्यांची तब्येत कळली मला. आता जिच्यासाठी फोन लावलाय तिचा चेहरा बघू द्या." पण सासरा समोर असताना पदर सरकणार कसा? सून हलेना. शेवटी हेच उठले. "चलो भाई, आपल्याच घरातून आपल्यालेच बाहेर काढून राहिली बाई," असं पुटपुटत दुकानाकडे गेले, मुलगाही मागोमाग. तेवढ्यात नणंदेने मान पुढे केली. "मॅडम, या लेकराले आमगावले नेऊ का मी? हिले बरं वाटलं का आणून देईन. पिशवी भरून ठेवली हाये."

माय, असंच वाक्य मी आपल्या स्वयंपाकघरात आत्याच्या तोंडून ऐकलं होतं. धाकटा भाऊ जन्मून थोडेच दिवस झाले होते. "पोरीले इथं ठेवू नका," आत्या बाबांना म्हणाली, "हिचं पाहून तिचंबी डोकं फिरन." तू तिथेच बसलेली होतीस. मग बाबा, तू आणि मी गोंदियाहून रेल्वेने नागपूरला निघालो आणि मला वाटलं, तू मला शाळेत सोडायला आलीस. तुलाही त्याच गाडीने मोठ्या दवाखान्यात दाखवायला नेत होते, हे मला फार उशिरा कळलं. कॉन्व्हेंटच्या फाटकाशी तू माझी वेणी सोडून पुन्हा घातलीस, इतकी घट्ट की कपाळ ताणलं गेलं. मला ती तशीच ठेवायची होती. संध्याकाळी सिस्टरने उवा पाहायला म्हणून ती उलगडली. सिस्टर चांगल्याच होत्या, मला इंग्रजी आणि शिवण त्यांनीच शिकवलं. पण सुट्टीत घरी आले की तू मला पाहुणीला विचारावं तसं विचारायचीस, "कवा आलीस?" तुझ्या गोळ्यांसाठी नागपूरची एक फेरी म्हणजे बाबांचा अख्खा दिवस. भाताची रोवणी आली की फेरी राहायची, गोळ्या संपायच्या. एका रोवणीत तुला ताप आला, आणि मला घ्यायला कोणी आलं तोवर सगळं आटोपलं होतं.

तर मी त्या मोबाईलकडे बघत होते.

"कशाला नेता?" बाई म्हणाल्या. "लेकरू आईजवळच राहू द्या. दूधही पाजू द्या, गोळी त्या हिशेबानेच दिली आहे. दोघींना एकटं मात्र सोडू नका. आता मी हिच्याशी बोलते तोवर तुम्ही दोघी बाहेर बसा."

"मंग आम्ही आलो कायले?" नणंद फणकारली.

"लेकरू तिच्या मांडीवर द्यायला."

आम्ही पुढच्या खोलीत येऊन बसलो. दाराआडून सुनेचा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते, पण तो थांबत नव्हता. माझ्याशी ती इतकं कधी बोलली नाही. तिचाही हेवा वाटला मला. तांदळाच्या डब्याजवळ बसून कोणी तुला कधी विचारलं होतं का, बाई, तुला काय होतंय? पण खरं सांगते, तुझ्यासाठी नंतर वाईट वाटलं. आधी माझ्यासाठीच वाटलं. त्या इवल्याशा पोरीला कोणीही गाडीत बसवणार नव्हतं.

दुपारी नणंद भरलेली पिशवी घेऊन एसटीने परत गेली, जाताना म्हणाली, "मोबाईलमधल्या बाईचं ऐका तुम्ही, आम्ही काय, अडाणी." सून बाहेर आली तेव्हा पदर खांद्यावरच राहिला होता आणि पोरगी तिच्या गळ्यातली पोत तोंडात घालून चोखत होती. मी तिला घ्यायला हात पुढे केले, तर सून म्हणाली, "राहू द्या आई, आत्ताच शांत झाली." माझे हात मी पदराला पुसले.

हा कागद मी फाडून टाकणार आहे. सून वाचायला हुशार आहे, आणि सासूला आपल्या लेकीचा हेवा वाटतो हे सध्या तरी तिला कळायला नको. पुढच्या खेपेला घरातल्या एकाने शेवटी दहा मिनिटं आत येऊन बसावं, असं बाईंनी सांगितलंय. मुलगा तयार होता. मीच हट्ट धरला, म्हटलं, बाईमाणसाचं बाईमाणसाला कळतं. ते काही खरं नाही, माय. नणंद लेकराला न्यायला परत यायचं म्हणते आहे असं काहीतरी सांगून मी बाईंना लेकराचं पुन्हा विचारणार आहे. त्यांचं उत्तर मला आणखी एकदा ऐकायचं आहे.