खालचा गढूळ पट्टा

आत्या, सर्वप्रथम तुझ्या डांबरगोळ्यांविरुद्ध रीतसर तक्रार. तुझी पेटी माझ्या खोलीत आल्यापासून माझ्या सदऱ्यांना असा दर्प येतो, की संस्कृतच्या तासाला पहिला बाक रिकामा राहू लागलाय. विभक्ती अवघड म्हणून मुलं मागे बसतात, अशी मी स्वतःची समजूत घालतो.

पेटीतली तुझी चित्रं भाचीने व्हॉट्सॲपवर टाकली आणि प्रदर्शनं भरवणाऱ्या एक बाई मुंबईहून थेट डहाणूला, आपल्या आगरला आल्या. मांजरपाटावरची तुझी ती वर्तुळं, एकात एक, वर फिकट होत गेलेली, खाली मातकट पट्टा. बाई जमिनीवरच बसल्या. म्हणाल्या, "सर, त्या काळात आपल्याकडे असं कुणी करत नव्हतं. आणि तुमच्या आत्या तलासरीच्या शाळेत ड्रॉइंग शिकवायच्या?" मी मान डोलावली. तू रोज एसटीने जायचीस, मुलांकडून फुलदाणीचं चित्र काढून घ्यायचीस, आणि घरी आलीस की डोळे मिटून बसायचीस. उठलीस की हे. आम्ही त्याला आत्याचं खूळ म्हणायचो. चिकू न्यायला येणारा गुजराती शेठ दारातूनच विचारायचा, "बेन, हे चिकू कापलेलं काय?" तू म्हणायचीस, "हो शेठ, पण बी काढलेलं." सगळ्यांत मोठ्याने मी हसायचो.

एक सकाळ आठवते. मी पाठशाळेतून सुट्टीला आलोय, पावसाने विहीर गढूळ झालीय. लोणच्याच्या रिकाम्या बरणीत तू पाणी भरलंयस, तुरटी फिरवलीयस आणि बघत बसलीयस. चुलीवर भात करपतोय.

"आत्या, भात!"

"थांब रे पंडिता, निवळतंय." मग भिंतीवरच्या चित्राकडे बोट. "तेच काढलंय. डोळे मिटले की आतही असंच चालतं."

मी लगेच ज्ञान पाजळलं, "मग निर्मल म्हण ना. निवळ हा त्याचाच अपभ्रंश."

"निर्मल म्हणजे मळच नाही. माझ्यात आहे, तो खाली बसतोय. बस, खा आता करपलेला भात."

परवा बाईंनी चित्रांना नाव मागितलं, आणि कुणी शब्द मागितल्यावर गप्प बसेल तो संस्कृतवाला कसला? मी 'निर्मल' म्हणालो. बाई म्हणाल्या, "वा!" त्या 'वा'ने मी इतका फुगलो, की डहाणू रोडच्या फ्रेमवाल्याने "सर, खाली हा मातीचा डाग दिसतोय. नाव निर्मल ना? पट्टी लावून दाबू काय?" असं विचारलं तेव्हा मी म्हणालो, "दाब."

त्याने नीट दाबलाय. चित्रं आता एकदम स्वच्छ दिसतात, पाटीवरच्या नावाला शोभतील अशी. उद्या टेम्पो येणार. तुझा 'निवळतंय' हा शब्द ऐकलेलं माणूस आता माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही, म्हणजे थांबवायचं तर मलाच थांबवावं लागेल. फोन समोर आहे. पत्र मात्र तुला लिहीत बसलोय. पत्ता नसलेल्या माणसाला लिहिणं सोयीचं असतं.

फोन केला तर बाई विचारतील, मग त्या पट्ट्यात आहे काय? तू सांगितलेलं मी घडाघडा म्हणून दाखवीन, पाठांतर चांगलं आहे माझं. पण आत्या, खरं सांगू? आज संध्याकाळभर त्या चित्रांसमोर बसलो. मला काही दिसलं नाही. तेव्हाही दिसत नव्हतं.